मनिलाची बिबिंका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बिबिंकेची कृती फोनवर सांगून डोक्यात राहत नाही, म्हणून लिहून पाठवते. गोव्याची बेबिंक मैद्याची आणि थराथरांची. ही त्यातली नव्हे. ही इथली, फिलिपिन्सची, तांदळाची, नारळाचं दूध आणि अंडी घातलेली, जाड आणि मऊ.

१६ ते २४ डिसेंबर अशा नऊ पहाटे इथे उजाडायच्या आधी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, असते, 'सिम्बांग गाबी'. शेतावर जाणाऱ्यांना सोयीची म्हणून ही वेळ पडली. मिस्सा सुटली की माणसं उपाशीपोटी चर्चच्या दारातल्या शेगड्यांकडे वळतात.

तांदूळ रात्रभर भिजवून ओलेच दळतात. सुक्या पिठीची बिबिंका खरखरीत होते आणि लवकर कोरडी पडते. सेबू बेटावरच्या मांदावे शहरात पीठ फुगवायला माडी, म्हणजे माडाची ताडी, घालतात, आपल्याकडे इडलीसारख्या सान्नांना घालतात तशी. मनिलात बहुतेक बेकिंग पावडरच.

खरी कसोटी विस्तवाची. मातीच्या पसरट भांड्यात केळीचं पान, तेही आधी शेकलेलं. न शेकता दुमडलं तर चिरतं आणि पीठ खाली गळून करपतं. भांडं शेगडीवर आणि वर पत्र्याच्या झाकणात निखारे. खालचा विस्तव मंद हवा. तो चढला की पान जळून तळ कडू होतो आणि वरचा भाग ओलाच राहतो. वरचे निखारे सुरुवातीलाच फार झाले तर पापुद्रा धरतो आणि पोटात कच्चं राहतं. म्हणून विकणारी बाई सारखी झाकण उचलून बघते, चिमट्याने निखारे सरकवते. एका भांड्यात एकच बिबिंका, तेव्हा घाई करून उपयोग नसतो. लोक हातात सालाबात, म्हणजे आल्याचा गरम काढा, घेऊन उभे राहतात आणि गल्लीतल्या बातम्या तिथेच कळतात. मॉलमधली ओव्हनची बिबिंका बारा महिने मिळते, चवीलाही बरी असते, पण तिच्यासाठी कुणाला असं ताटकळावं लागत नाही. मला तरी हा तिचा तोटाच वाटतो.

वर खारवलेल्या बदकाच्या अंड्याच्या चकत्या आणि म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज. ताज्या अंड्यांत मिसळू नयेत म्हणून खारवलेल्या अंड्यांची कवचं जांभळट लाल रंगवतात. बाजारात लगेच ओळखू येतात.

आई, तू करणार असशील तर: १ कप तांदळाची पिठी, २ चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, पाऊण कप साखर, ३ अंडी, १ कप नारळाचं दाट दूध, पाव कप वितळलेलं लोणी. पिठी सुकी असेल तर दुधात अर्धा तास भिजू दे, मग बाकीचं घाल आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी. पिठी तळाशी बसते, ओतण्याआधी ढवळून घे. ओव्हन १९० अंशांवर, साधारण २५ मिनिटं. १२-१५ मिनिटांनी वरचा भाग जरा धरला की चीजऐवजी पनीरचे काप ठेव. आधी ठेवलेस तर बुडतात. शेवटची दोन मिनिटं फक्त वरची आच. बाहेर काढल्यावर लगेच लोणी फिरव, मग साखर आणि ओलं खोबरं.

बाबांच्या वाटणीला वरची साखर नको. आणि बाबा, गरमच खा, गार झाली की घट्ट होते.

तुमची,
लेक