मुद्दलात भरलेले दोन लाख तुम्ही हप्त्यांच्या खणात ठेवलेत, त्याबद्दल

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग, गृहवित्त कंपनीचे मुख्य कार्यालय
प्रत : शाखाधिकारी, टिळकवाडी शाखा, बेळगाव

दिनांक : ११ सप्टेंबर २०२५

विषय : ९ जुलै २०२५ रोजी केलेली २,००,००० रुपयांची अंशतः परतफेड मुद्दलातून वजा न करणे, हप्ता कमी न करणे आणि त्यावर व्याज आकारत राहणे.

महोदय,

काल तुमच्या कॉल सेंटरवर सत्तावीस मिनिटे गेली आणि चौथा तक्रार क्रमांक मिळाला. आधीचे तीन ‘निराकरण झाले’ असा मेसेज पाठवून तुम्ही बंद केलेत. कुणाचे निराकरण झाले ते मेसेजमध्ये नव्हते. म्हणून आता हे पत्र, रजिस्टर पोस्टाने, पोच पावतीसह.

५ जुलैचा हप्ता गेल्यावर माझ्या गृहकर्जाचे मुद्दल १८,००,४१२ रुपये होते. व्याजदर ९.६० टक्के, फ्लोटिंग म्हणजे बदलता. हप्ता २०,०००. उरलेले हप्ते १६०. ९ जुलैला टिळकवाडी शाखेत मी दोन लाखांचा चेक दिला आणि सोबत तुमचाच छापील अर्ज दिला. त्यावर ‘अंशतः मुदतपूर्व परतफेड’ या चौकटीत खूण आहे आणि खालच्या दोन पर्यायांपैकी ‘हप्ता कमी करणे, मुदत तीच’ यावर खूण आहे. शाखेने शिक्का मारून प्रत परत दिली. त्याच काउंटरवर, त्याच शिक्क्याखाली मिळालेल्या पावतीवर मात्र रकमेचा प्रकार ‘हप्ता’ असा छापला आहे. गोंधळाचे मूळ या एका शब्दात आहे. पावती फाडणाऱ्याने सिस्टीममध्ये चुकीचा प्रकार निवडला, अर्ज फाइलला लागला आणि फाइल हुबळीला गेली. तेव्हापासून दोन लाख ‘जादा जमा’ या नावाखाली पडून आहेत आणि मुद्दल जागचे हललेले नाही.

यातला फरक तुम्हाला ठाऊक नाही असे मी समजत नाही, कर्ज विकणे हाच तुमचा धंदा आहे. आगाऊ हप्ता म्हणून ठेवलेल्या पैशावर मला छदामही मिळत नाही आणि त्याच वेळी तेवढ्याच मुद्दलावर मी तुम्हाला ९.६० टक्के देत राहते. दोन लाखांवर ते महिन्याला १,६०० रुपये होतात. मंजुरीपत्रात लिहिले आहे की नियमित हप्त्यात व्याज वर्षाच्या बाराव्या भागाने आणि मधल्या तारखेला मुद्दल भरले तर त्या दिवसापासून दिवसाच्या हिशेबाने. म्हणजे ९ जुलै ते ५ ऑगस्ट या २७ दिवसांचे १,४२० रुपये आणि सप्टेंबरच्या हप्त्यातले १,६०० असे ३,०२० रुपये तुम्ही जादा घेतलेत. तुमच्या ५ सप्टेंबरच्या उताऱ्यात मुद्दल १७,८९,१७३ दिसते. म्हणजे दोन महिन्यांत ४० हजार भरून ११,२३९ रुपये फिटले आणि शेजारच्या रकान्यात माझे दोन लाख शांत झोपलेले आहेत.

बरे, आगाऊ हप्ते म्हणून ठेवलेत तर निदान ते हप्ते म्हणून वापरायचे होते. दोन लाख म्हणजे दहा हप्ते. तरीही ५ ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला ऑटो डेबिटने पूर्ण २० हजार बँकेतून ओढून घेतलेत. मुद्दलातही नाही, हप्त्यातही नाही, मग ते दोन लाख नक्की कशासाठी ठेवले आहेत ते लेखी कळवावे.

आता कालच्या फोनकडे येते.

तुमच्या यंत्राने पिनकोड विचारला. ५९० ने सुरू होणारा टाकला की कन्नड, हिंदी, इंग्रजी एवढेच पर्याय येतात. कन्नडबद्दल माझी तक्रार नाही, शहापुरात राहून कन्नड न येऊन कसे चालेल? पण हप्ता एक दिवस चुकला तर वसुलीचा फोन अस्खलित मराठीत येतो, एवढे नोंदवून ठेवते. नऊ मिनिटे संगीत ऐकल्यावर एक गृहस्थ आले. त्यांचे पहिले वाक्य : ‘मॅडम, सरांना फोन देता का, लोनचं आहे.’ मी सांगितले की कर्जाची मुख्य अर्जदार मी आहे, मिस्टर सहअर्जदार आहेत. ते म्हणाले, ‘हो, पण व्यवहार कोण बघतं?’ मी म्हटले, मी. तेव्हा कुठे त्यांनी खाते उघडले. मग आनंदाने म्हणाले, ‘मॅडम, तुमची तर गुड न्यूज आहे, दहा हप्ते अ‍ॅडव्हान्समध्ये आहेत.’ मी म्हटले, तेच तर चुकले आहे, ते मुद्दलात टाका आणि हप्ता कमी करा, घरातले उत्पन्न कमी झाले आहे. यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘इन्कम कमी झालं म्हणता आणि दोन लाख भरता? मग पैसे आले कुठून?’

मी पुन्हा विचारले, काय म्हणालात? त्यांनी तेच वाक्य, शब्दही न बदलता, पुन्हा म्हटले. वर पुस्ती जोडली, ‘नाही म्हणजे, लोकांना अडचण असली की हप्ता थांबवतात, तुम्ही भरताय.’

पैसे सोसायटीतल्या मुदत ठेवीचे आहेत. ठेवीवर सात टक्क्यांच्या आत व्याज आणि तुम्हाला द्यायचे ९.६०. मिस्टरांच्या फाउंड्रीत, उद्यमबागेत, पाळ्या कमी झाल्या आणि घरात येणारे ५८ हजार ३९ हजारांवर आले. त्यातले २० हजार हप्त्यात गेले तर अर्ध्याहून जास्त पगार तुमचा. सहा हप्त्यांचे १ लाख २० हजार बाजूला ठेवून उरलेल्या ठेवीतून दोन लाख मुद्दलात टाकले, यात ‘आले कुठून’ विचारण्यासारखे काय आहे? उत्पन्न कमी होते तेव्हाच माणूस हप्ता कमी करायला धावतो. तुमच्या माणसाला मात्र आधी पगार बुडायला हवा, मग हप्ता, मग माझ्याशी मराठीत बोलायला कुणीतरी मिळेल, असा क्रम माहीत असावा.

त्यानंतर त्यांनी तीन सल्ले दिले. पहिला, मुदत २० वर्षे करून घ्या, हप्ता हलका होईल. हिशेब मी फोनवरच केला. १८ लाख २४० महिन्यांवर ताणले तर हप्ता १६,८९६ होतो, म्हणजे महिन्याला ३,१०४ ची सुटका, आणि शेवटपर्यंत सुमारे ८ लाख ६० हजार जास्त भरायचे. दुसरा, कर्ज लवकर फेडू नका, टॅक्सची सवलत जाईल. आमच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर शून्य येतो आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावट त्या प्रणालीत मुळातच नाही. नसलेली सवलत वाचवण्यासाठी वर्षाला दीड-पावणेदोन लाख व्याज भरा, असा तो सल्ला. तिसरा सल्ला टॉप-अप लोनचा. हो, टॉप-अप. उत्पन्न कमी झाले म्हणून मुद्दल फेडायला आलेल्या बाईला आणखी कर्ज. हे पत्र संयमाने लिहायचे ठरवले होते.

मी हप्ता कमी करण्याचा पर्याय अजाणता निवडलेला नाही. मुदत कमी केली तर १६० ऐवजी १२९ हप्ते होतात आणि व्याजात सुमारे ४ लाख ३० हजार वाचतात. हप्ता कमी केला तर तो १७,७८० च्या आसपास येतो आणि वाचतात साधारण दीड लाख. हे तुमच्या कुणी सांगितले असते तर आभार मानले असते, पण कुणी सांगितले नाही. मुदत कमी केली तरी दर ५ तारखेला २० हजार जाणारच. एक हप्ता बाउन्स झाला की तुमचा आकार, माझ्या बँकेचा आकार आणि क्रेडिट स्कोअरवर डाग. हप्ता कमी ठेवून ज्या महिन्यात हात मोकळा असेल त्या महिन्यात वरचे २,२२० मुद्दलात टाकले तर बचत मुदत कमी केल्यासारखीच होत जाते, सक्ती तेवढी राहत नाही. पगार डळमळीत असलेल्या घराला हाच रस्ता शहाणपणाचा. त्यातही तुमचा नियम आडवा येतो : एका वेळी किमान तीन हप्त्यांएवढी रक्कम. ठीक आहे, साठवून भरेन. पण साठवून भरलेलेही असेच खणात जाणार असेल तर साठवायचे कशाला?

शाखेने ९ जुलैला आणखी एक प्रकार केला. चेक घेण्याआधी २ टक्के ‘प्रोसेसिंग’ मागितले : ४,००० आणि त्यावर ७२० जीएसटी. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार गृहवित्त कंपन्यांना घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांत ते स्पष्ट आहे. नाव ‘प्रोसेसिंग’ ठेवले म्हणून तो वेगळा होत नाही. हे दाखवल्यावर मागणी मागे घेतली आणि पावती फाडली. पावतीवर ‘हप्ता’ कसा आला याचा अर्थ मी लावत बसत नाही, तुम्ही लावा.

व्याजदराचेही बोलू. यंदा फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ६.५० वरून ५.५० वर आला. माझा दर ९.६० होता, ९.६० आहे. नव्या ग्राहकाचा दर हवा असेल तर ‘स्विच फी’ अर्धा टक्का, अधिक जीएसटी. १८ लाखांवर ती १०,६२० होते, १६ लाखांवर ९,४४०. मुद्दल वेळेवर न घटवण्यात तुमचा इथेही ११८० रुपयांचा फायदा आहे, हे लक्षात आले म्हणून लिहिले.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्जदाराला कर्जाच्या काळात केव्हाही अंशतः किंवा पूर्ण परतफेड करता आली पाहिजे आणि दर तिमाहीला मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि दर दाखवणारा उतारा मिळाला पाहिजे. तुमच्या शाखेत मला सांगितले गेले की ‘पार्ट पेमेंटची विंडो ऑक्टोबरला उघडते’. तिमाही उतारा मला आजवर मागितल्याशिवाय आलेला नाही.

आमच्या गल्लीतल्या सोसायटीत पासबुक अजून हाताने भरतात. तिथे दुपारी मुद्दल भरले की संध्याकाळी वहीत शिल्लक कमी झालेली असते. तुमच्याकडे अ‍ॅप आहे आणि गोवावेसला भलेमोठे होर्डिंग आहे. कर्ज देताना तुमचा एजंट तीन वेळा घरी आला होता, कुंदा खाऊन गेला. फेडायला गेले तर फाइल हुबळीला.

मागणी सांगते. ९ जुलै २०२५ या तारखेपासून २,००,००० रुपये मुद्दलातून वजा करा, आजची तारीख टाकून नव्हे. ३,०२० रुपये आणि नोंद होईपर्यंतचे पुढचे व्याज मुद्दलात जमा करा. परत देऊ नका, मुद्दलातच टाका. हप्ता सुधारून नवे परतफेड वेळापत्रक लेखी पाठवा आणि ऑक्टोबरच्या ५ तारखेला बँकेतून नवीन हप्ताच जाईल याची खात्री करा. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये हप्त्यापोटी जे साधारण ४,४४० जादा गेले ते वरची दुरुस्ती झाली की मुद्दलातच धरले जातील, बुडणार नाहीत, हे मला कळते. पण ते घरात लागणारे पैसे होते, म्हणून याबद्दल माफीचे एक वाक्य चालेल. आणि कालच्या कॉलचे रेकॉर्डिंग जपून ठेवा. ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’ असे तुमचेच यंत्र सांगत होते.

आजपासून ३० दिवसांत हे झाले नाही तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर तक्रार जाईल, अर्ज, पावती आणि दोन्ही उताऱ्यांसह. त्यानंतर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. शिवाय पूर्ण कर्ज दुसरीकडे नेण्यासाठी फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील याचा उतारा) आणि कागदपत्रांची यादी मी याच पत्राने मागत आहे. कमी झालेल्या पगारावर दुसरी बँक सहज घेणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि तुमचा सगळा आत्मविश्वास त्यावरच उभा आहे. तरीही विचारून बघणार आहे. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ खरेदीपत्र परत द्यावे लागते आणि उशीर तुमच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तिथेही फाइल हुबळीला असेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दोन लाख अजून तिथेच आहेत.

उत्तर लेखी द्यावे, मुख्य अर्जदाराच्या नावाने. फोन करू नये. केलाच तर सरांना मागू नये.

मुख्य अर्जदार,
शहापूर, बेळगाव

सोबत : शिक्का असलेल्या अर्जाची प्रत, ९ जुलैची पावती, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे उतारे, चार तक्रार क्रमांकांच्या मेसेजच्या प्रिंट.