फोटोमागे नावं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ छायाचित्रकारांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. डार्करूम, लाल दिवा, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा वास, सगळं बरोबर उतरलं आहे. पण लेख कॅमेरा खुंटीला टांगला तिथेच संपतो. पुढे त्या माणसाचं आणि त्याच्या निगेटिव्हच्या डब्यांचं काय होतं, याबद्दल मला लिहायचं आहे.

मी आधी स्टुडिओत आणि नंतर वृत्तपत्रात काम केलं. सुरुवात बारा फ्रेमच्या १२० नंबरच्या रोलवर, मग ३५ मिलिमीटरचा छत्तीसचा रोल, शेवटची वर्षं डिजिटलवर. डिजिटलला आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली, मी नाही. उद्याच्या अंकासाठी मध्यरात्री ओली प्रिंट पंख्याखाली धरून उभं राहिलेल्या माणसाला त्या दिवसांचा उमाळा जरा कमीच येतो. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली आली आणि २००९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तेव्हा मात्र वाईट वाटलं. तिचे रंग दुसऱ्या कुठल्याच फिल्मवर मिळाले नाहीत.

निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आलो. नवी वस्ती, ओळखीचं कुणी नाही. नोकरीत असताना खांद्यावर कॅमेरा असला की कुठेही शिरता यायचं. इथे तोच कॅमेरा आडवा आला. बागेत तो बाहेर काढला की आया मुलांना जवळ ओढून घेत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. उलट, ज्यांना माझा पेशा कळला ते 'काका, कार्यक्रमाचे फोटो तेवढे काढा, तुमच्याकडे कॅमेरा आहेच' म्हणून मागे लागले. फुकट काम करायला माझी ना नव्हती. पण सगळ्या कार्यक्रमात फोटोवाला तेवढा बाहेरचा असतो. त्याला लोक बघून हसतात, त्याच्याशी बोलत नाहीत. शेवटी कॅमेरा कपाटात ठेवला.

ओळखी झाल्या त्या दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंमुळे. शेजारच्या आजी त्यांचा चिकट पानांचा अल्बम घेऊन आल्या. हे अल्बम एके काळी घरोघरी होते. त्यांचा गोंद फोटोला आतून खराब करत राहतो, आणि फोटो ओढून काढावा तर फाटतो. दात साफ करायचा बिनवासाचा बारीक दोरा फोटोखालून मागेपुढे करत हळूहळू सरकवला की बहुतेक फोटो सुटतात. घाई करायची नाही. ते काम चालू असताना आजी प्रत्येक चेहऱ्याचं नाव, नातं, भांडणं, सगळं सांगत होत्या. मागच्या रांगेतल्या एका मुलापाशी मात्र अडल्या. 'हा आमच्यातलाच, पण कोण ते आठवत नाही.'

मग इतरही यायला लागले. कुणाचे सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो तांबडे पडलेले. त्या काळच्या कागदातला निळसर रंग बंद अल्बममध्येसुद्धा उडतो आणि लाल उरतो, म्हणून तसं होतं. कुणाच्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास. म्हणजे ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म कुजायला लागली. ती लगेच बाकीच्यांतून वेगळी काढून स्कॅन करावी लागते. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांतून तर सगळंच बाहेर काढायला सांगतो. पण हे तांत्रिक झालं. रंग स्कॅननंतर बराचसा परत आणता येतो, नाव आणता येत नाही.

अमेरिकेतल्या व्हिव्हियन मायरचं उदाहरण बघा. आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळत ती रस्त्यावरचे फोटो काढत राहिली. २००७ साली तिचं सामान लिलावात निघालं आणि २००९ मध्ये ती गेली; जगाला तिचं नाव कळलं ते त्यानंतर. लाखावर निगेटिव्ह मिळाल्या. फोटो अप्रतिम, पण त्यातली बहुतेक माणसं कोण, हे आता कोण सांगणार? आमच्या वृत्तपत्रांनी तरी वेगळं काय केलं? पाहुण्याचं नाव छापायचं आणि पुढे 'व इतर'. माझे डबे अशा इतरांनी भरलेले आहेत.

म्हणून वाचकांना विनंती, घरातली जाणती माणसं आहेत तोवर त्यांना घेऊन बसा आणि नावं लिहून ठेवा. फोटोमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या थराच्या कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे कागदी पाकिटावर आधी नावं लिहून मग फोटो आत घालावा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो, तो मूळ प्रत समजू नये.

आणि आपल्याला विनंती अशी, की आठवड्यातून एकदा आतल्या पानावर अशा एखाद्या बिननावाच्या जुन्या फोटोला दोन कॉलम जागा द्यावी. ओळख पटली तर वाचक कळवतील. घरच्यांची संमती असेल तरच नाव छापावं. बक्षीस वगैरे ठेवू नये, नाहीतर लोक वाटेल ती नावं पाठवतील. स्कॅनिंग मी विनामूल्य करून देईन. आजींच्या फोटोपासून सुरुवात करता येईल, त्यांना विचारलं आहे. मात्र मूळ फोटो कार्यालयात ठेवून घेऊ नयेत, आणणाऱ्यासमोरच काम करून परत द्यावेत. 'दोन दिवसांत परत करतो' म्हणून लोकांकडून आणलेले फोटो वर्षानुवर्षं कुठे पडून राहतात, ते मी नोकरीत असताना पाहिलेलं आहे.

आपला,
एक निवृत्त वृत्तछायाचित्रकार