दहाच्या फेरीतला अठरा

म्हापसा,
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

चवथीला पत्र टाकीन म्हणाले होते, ती चवथ होऊन गणपतीवर बांधलेल्या माटोळीची फळेसुद्धा वाटून झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. माझा गुडघा होता तसाच आहे, आईची साखर गोळ्यांवर आटोक्यात राहते. आता मुद्द्यावर येते, कारण ही गोष्ट घरी सांगितली तर सगळे माझी पाठ थोपटतील आणि तू तेवढी थोपटणार नाहीस.

गेल्या मंगळवारी मला रात्रपाळी होती. सातव्या खाटेवर ७४ वर्षांच्या बाई होत्या, खुब्याचे ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, लघवीची नळी अजून तशीच. रात्री दोनला त्यांची सून माझ्याकडे आली आणि संकोचाने म्हणाली, "सिस्टर, तसे काही नाही, पण सासूबाई मघापासून चादरीवरून काहीतरी वेचल्यासारखे करतात." मी गेले, तर बाईंनी माझे मनगट धरले आणि "बाये, म्हाका बरें दिसना" एवढेच म्हणाल्या. हात ओलसर होता, गुडघे गार होते. नाडी ८८, ताप नाही, ऑक्सिजन ९५, वरचा रक्तदाब ११२. नुसते आकडे पाहून कुणाला झोपेतून उठवावे असे त्यात काहीच नव्हते. परंतु बाई मेटोप्रोलॉल ही नाडी मंद ठेवणारी गोळी घेतात, आणि त्या गोळीवर असलेल्या माणसाची नाडी संकटातही शहाण्यासारखी वागते. ऑपरेशनपूर्वीच्या केसपेपरवर त्यांचा रक्तदाब १६० च्या आसपास होता, म्हणजे ११२ ही त्यांच्यापुरती घसरणच. आणि त्या वयात संसर्ग झाला म्हणजे ताप येईलच असे नाही. पिशवीत दहापासून ६० मिलीलीटर लघवी जमली होती. बाईंचे वजन ५२ किलो, किलोमागे तासाला अर्धा मिलीलीटर धरला तर तासाला निदान २६ तरी हवी होती. मग मी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ते २८ भरले.

डॉक्टरांना "बाई बऱ्या दिसत नाहीत" असे कळवले की "सकाळी बघू" हे उत्तर ठरलेले, म्हणून मी क्रमाने सांगितले: रुग्ण कोण, काय बदलले, मला काय वाटते, आणि तुम्ही आत्ता खाटेपाशी यायला हवे. (ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, म्हणजे भावोजींच्या खात्याची, त्यांना सांगितलेस तर ते श्रेय घेतील.) डॉक्टर दहा मिनिटांत आले. रक्त कल्चरला गेले, अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू झाले, रक्तातले लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतो आहे याची खूण) चारच्या वर आले आणि तीनपर्यंत बाई आयसीयूत होत्या. शुक्रवारी त्या वॉर्डात परतल्या असून पेजेत मीठ नाही म्हणून भांडत आहेत.

सकाळी डॉक्टर सर्वांसमोर म्हणाले, "याला म्हणतात नजर." त्या वेळी चार्ट माझ्या हातात होता आणि दहाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात श्वसन १८ लिहिलेले होते. सुमे, मी ते मोजलेले नव्हते. २४ खाटा, बाराव्या खाटेवर रक्त चालू, आणि मी ओळीने १८, १८, मध्ये एक २०, पुन्हा १८ अशी पेरणी करीत गेले; तो २० कशासाठी ते तुला सांगायला नको. आमच्याकडे आता तो इंग्लंडचा, २०१७ चा सुधारित गुणतक्ता भरतात, जितके गुण जास्त तितका रुग्णाला धोका अधिक. त्यात दहा वाजता बाईंचे गुण शून्य होते आणि दोन वाजता सात: तीन श्वासाचे, तीन नव्या गोंधळलेपणाचे, एक ऑक्सिजनचा. दहाला खरोखर १८ असतीलही, आणि मला छळते ते हेच, कारण आता ते कुणालाच कळणार नाही. रात्रीच्या जेवणाच्या ताटावरचे झाकणही उघडलेले नव्हते. ते मी पाहिले होते आणि रुग्णालयाच्या भाजीला दोष देऊन पुढे गेले होते.

बांबोळीच्या रुग्णालयात तू प्रत्येकीचे पूर्ण मिनिट मोजत बसायचीस, स्पंजिंग मागे पडायचे, आणि मी तुला घड्याळबाई म्हणायचे. तू एकदाच उलटून म्हणालीस, "तू नाडी बोटांनी मोजतेस आणि श्वास पेनाने." त्यावर आपण पंधरा दिवस बोललो नव्हतो. ते भांडण मी आज हरले असे लिहून देते. मेसच्या पैशांच्या भांडणात मात्र मीच बरोबर होते.

आता प्रश्न असा. उशिरा नोंद करण्याची रीत मी मुलींना शिकवते: जुने खोडायचे नाही, आजची तारीख आणि वेळ घालायची, खाली सही करायची. तशी नोंद मी करावी का, की दहाचे श्वसन मोजले नव्हते? त्या फेरीच्या कागदावर माझ्याबरोबर एका विद्यार्थिनीची सही आहे, आणि ती विनाकारण ओढली जाईल. गुरुवारी तीच मुलगी टेबलाशी बसून, एकाही खाटेपाशी न जाता, श्वसनाचा रकाना भरताना मला दिसली. मी तिला रागवायला तोंड उघडले आणि पाणी पिऊन आले.

विशाखापट्टणमचे घर लागले का? लेकीला बारावीसाठी आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. येत्या मंगळवारी ही केस मुलींसमोर मी मांडावी असे मेट्रनबाईंनी ठरवले आहे. त्याआधी तुझे उत्तर हवे, आणि ते लिहून पाठव. फोन करू नकोस, फोनवर तू मवाळ होतेस.

तुझी,
पेडणेकरीण