ताई, तुम्ही फरशीवर बसलात म्हणून

ताई,

आमच्या लेकीची खेळायची-शिकायची खोली लावून देताना तुम्ही कपाट सरकवलंत, तक्ते उतरवलेत, ढीग निवडून वेगळे केलेत, त्या सगळ्याचे आभार आहेतच. पण सगळ्यांत आत पोचलं ते वेगळंच. खोलीत आल्या आल्या तुम्ही फरशीवर बसलात, मान खाली घालून मुलीच्या उंचीवरून भिंतींकडे पाहिलंत आणि तिलाच विचारलंत, "इथून तुला काय दिसतं?" मोठ्यांकडे वळलात ते नंतर.

याआधी सल्ला देणारे काही कमी नव्हते. कुणी ५२ आठवड्यांचे ५२ विषय आखून दिले. कुणी एकसारखे डबे घ्यायला लावले, त्यांची झाकणं लहान बोटांना उघडतच नाहीत. मूल किती उंच आहे, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्ही तिच्या छातीच्या उंचीला भिंतीवर खडूची खूण केलीत आणि त्यावरचं सगळं खाली आणलंत, उरलेलं पेटीत घातलंत. फळ्यांवर आठच ट्रे. एका ट्रेत एकच काम, आणि त्या कामाला लागणारं सगळं तिथेच. पाणी ओतायच्या ट्रेत दोन छोटे जग आणि सांडलेलं टिपायला स्पंज. स्पंज नसला की मूल मोठ्यांना हाक मारतं आणि लागलेली तंद्री मोडते. जड ट्रे तळाशी. कपाट मागून भिंतीला स्क्रूने पक्कं, कारण मुलं फळ्यांची शिडी करतात. प्रत्येक जागेवर भरलेल्या ट्रेचा फोटो आणि खाली नाव, म्हणजे अक्षरओळख नसली तरी काय हरवलंय ते कळतं. आठवड्याला दोनच ट्रे बदलायचे. सगळे एकदम बदलले की ओळखीचं काही उरत नाही, मग मूल नुसतं हात लावत फिरतं.

१९०७ मध्ये रोममध्ये शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचं पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू झालं, तेव्हा साहित्य कुलुपात असे. एकदा कपाट उघडं राहिलं, मुलांनी आपापलं काम निवडून घेतलं, आणि मग बुटकी उघडी कपाटं आली. एवढी वर्षं लोटली, तरी साहित्य 'नीट राहावं' म्हणून माळ्यावर टाकायला सांगणारे जाणकार भेटतातच!

ऋतूंवरच्या विषयांचं तर तुम्ही गणितच बदललंत. विषय किती दिवस चालवायचा ते आखून ठेवलेल्या वहीने नाही, त्या वस्तूने ठरवायचं. पुस्तकात दाबलेलं पान वाळायला एक-दोन आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत कागद बदलला नाही तर बुरशी धरतं. बी रात्रभर भिजवून ओल्या कापसावर ठेवलं तरी अंकुर यायला काही दिवस जातात. कापसात पाणी साचलं तर बी कुजतं. सोमवारी सुरू झालेला विषय शुक्रवारी गुंडाळला, तर मुलाच्या हाती काय लागणार? चिकटवलेला कागदी सूर्य.

पाऊस मोजायची बाटली मात्र तुम्ही दाखवल्याशिवाय जमली नसती. सरळ बाजूंची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ वाकडा असतो, म्हणून आत खडे घालून सरळ बाजू सुरू होते तिथवर पाणी भरायचं, आणि शून्य तिथून मोजायचं. नरसाळ्याचं तोंड बाटलीपेक्षा रुंद असलं तर पाऊस आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. झाडाखाली किंवा वळचणीला ठेवली तर आकडा खोटाच. थंडीसाठी उभ्या काठीची सावली मोजायची: रोज त्याच वेळी, त्याच जागी, खडूने टोकाला रेघ. वेळ चुकली की रेघांना अर्थ राहत नाही.

तुम्हाला एवढं येतं, पण समोरच्याला काही येत नाही असं तुम्ही एकदाही वाटू दिलं नाहीत. माहिती देणारे पुष्कळ. माहिती देताना समोरच्याचा मान राखणारे थोडे. चार वर्षांच्या मुलीचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबणारे तर त्याहून थोडे.

बाटली उघड्यावर, झाडापासून लांब ठेवली आहे. पहिल्या पावसाचा आकडा लेकच तुम्हाला फोनवर सांगेल.

मनापासून आभार.

तुमची,
एक आई