शनिवारी कसाऱ्याहून सायकलने येतेय

ठाणे, ६ जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि पुढचं सगळं आईलाच ऐकावं लागलं असतं. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

संक्रांतीला मी पंचवटी एक्सप्रेसने येत नाही. शनिवारी कसाऱ्याहून सायकलने येतेय. ठरलंय. बरोबर ऑफिसातल्या दोघी आहेत, दोघींना घाट नवा नाही.

ठाण्यापासूनच सायकल चालवायची असं एकीच्या मनात होतं. मीच नको म्हटलं. भिवंडी-पडघ्याचा पट्टा म्हणजे नुसते ट्रक आणि धूळ, आणि एवढं अंतर तोडून दमलेल्या पायांनी भर उन्हात घाट चढायचा, यात शहाणपण नाही. पहाटेच्या लोकलने मालाच्या डब्यातून कसाऱ्यापर्यंत, तिथून नाशिकचं घर साधारण पासष्ट किलोमीटर. समृद्धीवरून का नाही, असं आई विचारेल. तिथे मोटरसायकललाही बंदी आहे, सायकलचं तर नावच नको.

बाबा, तुमच्या हिशेबात सांगते. कसारा ते इगतपुरी चढ जवळजवळ तीनशे मीटरचा. रेल्वेचा १ : ३७ म्हणजे २.७ टक्के. रस्त्याची सरासरी त्याच्या आसपासच आहे, वळणांवर मात्र चढ अंगावर येतो. तुमच्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावावा लागायचा, मला बारीक गिअर पुरतो. पुढे ३४ दातांची चकती, मागे ३२ दातांची. पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वादोन मीटरच्या आसपास सरकतं. मिनिटाला सत्तर फेरे मारले की ताशी नऊ-साडेनऊ किलोमीटर. म्हणजे तासाभराचा घाट, आणि तोही बोलता येईल इतक्या दमाने. बोलताना धाप लागली तर वेग कमी करायचा, एवढाच नियम. उभं राहून जोर लावणारे पहिल्या दोन वळणांत पाय संपवतात.

गिअर चढ लागण्याआधी बदलायचा. पायावर पूर्ण जोर असताना बदलला तर साखळी दातांवर नीट बसत नाही. घसरते, आणि मागचा डिरेल्युअर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो भाग) जरा बिघडलेला असला तर मागच्या चकत्या आणि आऱ्यांच्या मध्ये अडकते. त्याचा मर्यादेचा स्क्रू परवाच तपासून घेतलाय.

पंक्चरची भीती घाटापेक्षा घोटीनंतर जास्त. ट्रकचे टायर फुटतात, त्यांतल्या केसाएवढ्या तारा कडेच्या पट्टीवर पडलेल्या असतात आणि त्या सायकलच्या टायरमध्ये शिरतात. घाईत नवी ट्यूब टाकली आणि तार तशीच राहिली तर पाच मिनिटांत पुन्हा हवा जाते. म्हणून टायर आतून फडक्याने पुसत जायचं. फडकं अडकलं की तार सापडली. बोट फिरवायचं नाही, आई, म्हणून फडकं. दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, पंप, साखळीची जोडकडी, सगळं घेतलंय. हवेचा दाब मागच्या चाकात ७५ पीएसआय, पुढच्यात ६५. टायर ३२ मिलिमीटरचे आहेत, बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर येतात तसे दोरीसारखे बारीक नाहीत.

खाण्याचं. कसाऱ्याच्या स्टेशनवर वडापावचा वास येणार आणि आम्ही तो सोडणार. तळलेलं पोटात रेंगाळतं आणि चढावर मळमळतं. दर पाऊण तासाला थोडं काहीतरी, भूक लागायच्या आधी: केळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. तासाला अर्धा लिटर पाणी, एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. घाटनदेवीपाशी वर पोचलं की थांबण्याआधी विंडचीटर घालायचा, कारण घामाने भिजलेल्या अंगाला जानेवारीतला तिथला वारा लागला की मांड्या आखडतात. आई, तुझ्या वतीने हात जोडेन. पोहे इगतपुरीला, बसून.

तिथून पुढे रस्ता चढ-उताराचा आहे, पण मोठा घाट नाही. वारा असला तर या दिवसांत बहुधा समोरून. गोंदे, वाडीवऱ्हे, विल्होळी, मग पांडवलेणी दिसली की पाथर्डी फाटा. उड्डाणपुलावर चढणार नाही, सर्व्हिस रोडने राणेनगर. साडेबारा ते दीड. तिघी एकामागून एक, अंगात रिफ्लेक्टरचं जॅकेट, मागचा लाल दिवा दिवसाही चालू, कानात काही नाही.

मागे वळून ओढणी सायकलच्या चाकापासून दूर आहे ना हे बघणारे बाबा आता मला लोकेशन पाठव म्हणणार, हे माहीत आहे. पाठवते. पण घाटात रेंज जाते आणि ठिपका एका जागी थिजतो. ठिपका थांबला म्हणजे मी थांबले असं नाही. चढताना फोन उचलणार नाही, वर पोचल्यावर मीच करेन.

आता माझं ऐका. स्कूटर घेऊन घोटीपर्यंत यायचं नाही. पाथर्डी फाट्यावरही उभं राहायचं नाही. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिकेतली ती ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली तेव्हा पेपरातलं पान कापून कपाटात चिकटवलंत ना, मग पासष्ट किलोमीटरला काळीज एवढं का धडधडतं? (धडधडलंच तर डॉक्टरांना सांगा, मनात ठेवू नका. रक्त पातळ करायची गोळी रात्री जेवणानंतर, आईने समोर उभं राहून द्यायची.)

आणि माझी वाट बघत उपाशी राहू नका. साखरेची गोळी घेऊन जेवण लांबवलं की साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. साडेबाराला दोघांनी जेवून घ्या, माझं झाकून ठेवा. गुळाच्या पोळ्या आईने एकटीने लाटायच्या नाहीत, गुडघ्याने नुकतंच ऐकायला सुरुवात केलीये. गूळ तेवढा किसून ठेव, रात्री मी लाटते. जाड लाटते हे कबूल.

परतताना घाट उतरणार नाही, म्हणून तीही काळजी सोडा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, शिवाय मागून ट्रक. मी ट्रेनने येईन आणि सायकल तुमच्याकडेच ठेवीन, पार्किंगमध्ये, जुन्या कपाटाच्या बाजूला. फेब्रुवारीत दोन शनिवार-रविवार येतेच आहे, तेव्हा लागेल. बाबा, साखळीला खोबरेल लावू नका, धूळ धरतं. पाइपने धुऊही नका, चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी जातं. ओल्या फडक्याने पुसलीत तर चालेल.

शुक्रवारी रक्त तपासायला जायचंय, उपाशीपोटी, आठच्या आत. कागद टेबलावर ठेवा, मी आल्यावर बघते.

तुमची,
मनू