कवठ वास घेऊन, आपटून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शिवरात्रीच्या उपवासाचे पदार्थ वाचले. साबुदाणा, वरी, राजगिरा, रताळी, सगळं आलं. कवठाची चटणी तेवढी राहिली. आमच्याकडे मेहकर भागात माघ वद्य चतुर्दशीला महादेवापुढे कवठ ठेवतात आणि फराळाच्या ताटात ही चटणी नसेल तर ताट अर्धवट वाटतं. म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी पुण्यात माझ्या सुनेने हौसेने तीन कवठं विकत आणली. फोडली तर आत गर पांढरट, घट्ट. भरपूर गूळ घालूनही चटणी घशाला धरली. "आई, हे तुम्ही खाता तरी कसं?" असं तिने फोनवर विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. चूक तिची नव्हती. कच्चं कवठ तिच्या गळ्यात मारलं होतं. एकदा तोंड असं तुरट झालं की माणूस पुन्हा कवठाकडे बघत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून बाजारात माल येत नाही, आणि माल खपत नाही म्हणून बांधावरचं झाड तोडताना कुणाचा हात थांबत नाही.

तेव्हा आधी कवठ पारखायचं कसं ते सांगते. देठाजवळ नाक न्या, आंबूस-गोड वास घमघमला पाहिजे. मग वीतभर उंचीवरून फरशीवर टाका. कच्चं फळ टणकन उसळी घेतं, पिकलेलं धप्पकन पडून जागीच बसतं. कच्चंच मिळालं तर आठ-दहा दिवस गव्हाच्या कोठीत पुरून ठेवा आणि मधून मधून वास घेत राहा.

पिकलेलं कवठ बत्त्याने फोडलं की आतला गर चिंचेसारखा तपकिरी, ओलसर दिसतो. चमच्याने खरवडून घ्या आणि गरातले जाड दोरे बोटांनी ओढून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका, नाहीतर चटणी दातात अडकते. वाटीभर गराला पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ, चमचाभर लाल तिखट, अर्धा चमचा भाजून कुटलेलं जिरं आणि चवीपुरतं मीठ. उपवासाला सैंधव. सगळं हातानेच कुस्करा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. गुळाला पाणी सुटतं, चटणी आपोआप सैल होते आणि तिच्यावर चकाकी येते. वरून पाणी घालू नये. मिक्सरमध्ये फार फिरवली तर बिया फुटतात आणि चव बिघडते, त्या अख्ख्याच दाताखाली आलेल्या बऱ्या लागतात. शिजवायचं काही नाही, फोडणी नाही. माझ्या सासूबाई तर कवठाच्या करवंटीतच चटणी कालवून आम्हाला देत.

गणपतीच्या श्लोकात आपण जे 'कपित्थ' म्हणतो ते हेच फळ. झाड लिंबाच्या कुळातलं, बेलाचं भावंड, काटेरी. पान चुरगाळलं तरी वास येतो. पण बी लावलं तर फळ धरायला पंधराएक वर्षं जातात, म्हणून कुणी लावत नाही. आमच्या बांधावर सासऱ्यांनी लावलेलं झाड होतं. रस्ता रुंद करताना ते एका सकाळी गेलं. संध्याकाळी मी तिथे गेले तेव्हा कच्ची कवठं खडीत विखुरली होती. ओटीत भरून घरी आणली, पण ती पिकली नाहीत, सुकून गेली.

सरकारी रोपवाटिकांत दरवर्षी लाखोंनी रोपं तयार होतात. त्यांत कवठाचीही असावीत आणि रुंद झालेल्या रस्त्यांच्या कडेला ती लावावीत, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत करते. मी गेल्या शिवरात्रीला एका कवठाच्या बिया धुऊन, राखेत घोळवून पिशव्यांत लावल्या. अकरा उगवल्या. पावसाळ्यात त्यातलं एक रोप विहिरीजवळ लावलं, दोन शेजाऱ्यांनी मागून नेली. उरलेली अंगणात आहेत, सध्या वीतभर उंच.

येत्या रविवारी पुरवणीत जागा झाली तर ही चटणी अवश्य छापावी.

आपली नम्र,
एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा