अंजनगावच्या काकांना, मिरवेलीकडून आणि माझ्याकडून

काका, नमस्कार.

समोरासमोर काही बोलायला गेलं की तुम्ही "आभार कायचे बाई" म्हणून विषयच उडवून लावता आणि कापसाच्या भावावर जाता, म्हणून म्हटलं, या उन्हाळ्यात अकोल्यात माझ्या कुंड्यांतली झाडं वाचवलीत त्याचे आभार सरळ लिहूनच टाकावेत. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं, कारण अकोला काय, नागपूर-चंद्रपूर काय, जळगाव-भुसावळ काय, ओल्या मुलखातून बदली होऊन आलेली आणि सामानासोबत कुंड्या पण घेऊन आलेली माझ्यासारखी माणसं पुष्कळ असणार, त्यांच्या तरी कामी येईल.

आधी बातमी. मिरवेलीला, म्हणजे माझ्या काळ्या मिरीच्या वेलीला, घोस आलेत! मृग कोरडाच गेला ते तुम्हाला माहितीच आहे, पण आर्द्रात पाऊस लागला आणि आठवडाभरात नवीन पानांच्या समोरून ते बारीक हिरवे दोऱ्यासारखे घोस खाली लोंबायला लागले. अजून दाणे धरलेले नाहीत आणि किती धरतील देव जाणे, पण आईला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न, "हे खरंच अकोल्यातलं का गो?" सावंतवाडीला आमच्या परसात मिरवेली सुपारीवर चढलेल्या आहेत, तिकडे त्यांचं कोणाला काही वाटत नाही, दाणे काढायचे, उन्हात टाकायचे, डब्यात भरायचे, संपलं. माझी ही वेल म्हणजे बाबांनी दापोलीच्या विद्यापीठातून आणलेली पन्नियूर-१ ही मिरीची सुधारित जात, तिचंच कलम. तिची किंमत मला इथे येऊन कळली.

होळीपर्यंत सगळं छान होतं. अँथुरियम फुलत होतं, नेचे (फर्न) टवटवीत, मॉन्स्टेराने नवीन पान सोडलेलं, आणि मी फोनवर आईला सांगत होते की लोक उगाच अकोल्याला नावं ठेवतात. मग एप्रिल आला. दुपारी पानं माना टाकायची, आणि माना टाकल्या की बिल्डिंगमधला प्रत्येक जण एकच सांगायचा, पाणी वाढवा, दोनदा घाला, तीनदा घाला. मिरवेलीची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, वरच्यांचे शेंडे काळे, आणि तेव्हाच तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह बघायला वर आलात. तुम्ही व्हॉल्व्ह राहू दिलात बाजूला, बाल्कनीच्या दारात चपला काढल्यात (तेव्हा मला वाटलं काका फारच शिस्तीचे, पानमळ्यात चपला घालून जात नाहीत हे नंतर कळलं), कुंडीत बोट दोन पेरं खुपसून माती वर काढली, नाकाशी धरली, एक पान उलटं करून बघितलं आणि म्हणालात, "हे त आमच्या पानवेलीची बहीण हाय. इले पानी कायले देऊन राहिली बाई? इले तहान नाई लागली, इले हवा लागली."

खरं सांगते, मला ते तेव्हा अर्धंच कळलं. पण नातं तुम्ही अचूक ओळखलंत. मिरी, विड्याचं पान आणि तुमच्या अंजनगाव सुर्जीची पानपिंपरी (पिंपळी), तिन्ही एकाच पायपर वंशातल्या, हे मी नंतर पुस्तकात वाचलं, तुम्ही नुसत्या पेरावरून आणि पानाच्या शिरांवरून सांगितलंत. आणि मग जे कळलं त्याने मी थक्कच झाले, की मी ज्याला कोकणातलं नाजूक झाड म्हणून जपत होते त्याच वंशातल्या वेली तुमच्या पानमळेवाल्या बारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या या असल्या उन्हात लावल्यात, अंजनगावला, अकोटला, तिकडे रामटेकला, आणि नुसत्या जगवल्या नाहीत तर त्यावर घरं चालवली. म्हणजे प्रश्न झाडाचा नव्हताच, प्रश्न जागेचा होता, आणि जागा कशी करायची हे तुम्हा लोकांना माहिती आहे, यूट्यूबवाल्यांना नाही. ते बिचारे बंगलोरात बसून "मिस्टिंग करा" सांगतात, इथे फवारलेलं पाणी पानावर टेकायच्या आत उडून जातं.

हवा लागली म्हणजे काय ते आमच्या ह्यांनी (फिजिक्सचे मास्तर, त्यांना आकडे लागतातच) हिशोब करून दाखवलं. सावंतवाडीला ३२ डिग्री आणि ७५ टक्के दमटपणा धरा, इथे मे मधल्या दुपारी ४५ डिग्री आणि १५ टक्के धरा, तर इथली हवा पानातून पाणी ओढायला तिकडच्यापेक्षा सहा-सात पट जोर लावते. झाड एवढं पाणी मुळातून वर चढवूच शकत नाही, मग ते पानांवरची छिद्रं मिटून गप्प बसतं. मुळाशी पाणी असो नसो, दुपारी मान टाकणारच. आणि त्याच वेळी आपण वरून पाणी ओतत राहिलो की गरम चिखलात मुळांना श्वास मिळत नाही, ती कुजतात, मग वरून झाड सुकलेलं दिसतं म्हणून अजून पाणी. तुम्ही हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतंत, "झाडाले नोको पाजू, जागेले पाज."

आणि मग तुम्ही जागेला पाजायला सुरुवात केलीत. दुसऱ्या दिवशी रिक्षात तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) भारा घालून आलात, वॉचमनने विचारलं काय हे, तुम्ही म्हणालात "झाडायचं घर". बाल्कनीच्या पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची ताटी बांधलीत, तिला आतून बारदान शिवलंत, आणि सांगितलंत की लू पश्चिमेकडूनच येते, ऊन नंतर बघू, आधी ती अडव. मी तोवर डोक्यावर ग्रीन नेट टाकून खूश होते, पण नेट झाडांच्या शेंड्याला टेकलेलं होतं, ते तापून पानंच भाजत होती, तुम्ही ते चांगलं हातभर वर उचलून तारेने ताणून बांधलंत की मधून गरम हवा निघून जाईल. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन मात्र तुम्ही मोकळं ठेवलंत, "आमच्या पानमळ्यात शेवग्याच्या सावलीत पण चिरीमिरी ऊन लागतेच" म्हणालात. अंधारात ठेवलेली वेल नुसती लांब वाढते हे मला पण पटतं, लोक घाबरून झाडं पार पॅसेजमध्ये नेऊन ठेवतात आणि जूनमध्ये पिवळी काडी बाहेर काढतात.

कुंडीचं तर मला कधी सुचलंच नसतं. तुम्ही माझा हात धरून काळ्या प्लास्टिकच्या कुंडीच्या पश्चिमेकडच्या अंगावर टेकवलात, मी ओरडलेच, तव्यासारखी तापलेली. "बुड भाजून राहिलं इचं, अन् तू शेंड्याकडे पाहून राहिली." मग प्रत्येक कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत, मधल्या फटीत रेती, ती रेती ओली ठेवायची, झाडाची माती नाही. मातीच्या अंगातून पाणी पाझरतं, उडतं आणि आतली मुळं गार राहतात, माठाचंच तत्त्व. ज्यांना मोठी कुंडी मिळाली नाही त्यांना गोणपाट गुंडाळलं. आणि कोपऱ्यात तो तुमच्या घरचा जुना रांजण, पाझरतो म्हणून काकूंनी बाद केलेला, त्याला तुम्ही फाटक्या धोतराचा ओला पट्टा गुंडाळून झाडांच्या मधोमध बसवलात. दुपारी बाल्कनीचं दार उघडलं की आत आणि बाहेर दोन वेगळी गावं वाटायची. मधमाश्या त्या ओल्या धोतरावर येऊन बसायच्या, ओळीने, पाणी प्यायला, धाकटी तासन्‌तास बघत बसायची.

पाण्याचं पण तुमच्याचमुळे कळलं. आपण पडलो खारपाणपट्ट्याच्या कडेला, बोअरचं पाणी खारं, आणि अँथुरियमच्या पानांच्या कडा जळत होत्या त्या उन्हाने नाही, मिठाने. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला होता तो तुम्ही नखाने खरवडून माझ्या जिभेला लावायला सांगितलंत, मी लावला नाही, पण समजलं. तेव्हापासून नळाला महान धरणाचं पाणी येतं त्या दिवशी झाडांचं वेगळं भरून ठेवते, आणि मी काम करते त्या बँकेतल्या एसीच्या पाइपखाली बादली, ते पाणी तर क्षाराशिवायचं, अँथुरियमला एकदम मानवलं. शिपाईदादा हसतात, हसू देत. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बऱ्याच जणी कुंड्यांना घालतात, ते नका घालू गं, पाणी उडून जातं आणि मीठ सगळं मागे राहतं, आरओचं वाया जाणारं पाणी पण तसलंच. अजून एक, दुपारी नळ सोडून थेट पाणी घालू नये, गच्चीवरची टाकी तापून त्यातून चहाचंच पाणी येतं. पहाटे, उजाडायच्या आत, गार असताना घालायचं, तेही बोट बुडवून बघून.

खत बंद, छाटणी बंद, कुंडी बदलणं बंद, हे तुम्ही दटावूनच सांगितलंत, आणि नाजूक जीवाला गप पडू दे म्हणालात. मे मध्ये पानामागे बारीक जाळी दिसली तेव्हा मी नीमतेलाची बाटली घेऊन निघालेच होते, तुम्ही अडवलंत, भर उन्हात तेल लावलं तर पान तळलं जाईल. लाल कोळी होता तो, कोरड्या उष्ण हवेत येतोच. पहाटे पानांच्या खालून पाण्याची जोरात फवारणी, रोज, एवढ्यानेच आटोक्यात आला.

एका बाबतीत आपलं पटलं नाही ते पण लिहिते. नेच्यांना तुम्ही शेवटपर्यंत "गवत" म्हणालात आणि ते फेकून दे म्हणत राहिलात. मी त्यांना बाथरूमच्या खिडकीत ठेवलं, ते जगले काका, आता बघायला या. मॉन्स्टेरा कूलरच्या खोलीत, झोताच्या समोर नाही, बाजूला, तोही मजेत. ऑर्किड मात्र मी आईकडे परत पाठवून दिलं. त्याला इथे मे मध्ये ठेवणं म्हणजे छळ आहे असं माझं मत झालंय, रील बघून कोणी काही म्हणो. २०२४ च्या मे मध्ये याच अकोल्यात उन्हाच्या लाटेपायी कलम १४४ लागू झालं होतं, जिथे माणसांसाठी जमावबंदी लागते तिथे सगळीच झाडं हौसेखातर आणू नयेत.

आणि सगळ्यात मोठं काम तुम्ही केलंत ते वेलीच्या उतरणीचं. खालची पानं गळून तिचं नुसतं उघडं दांडकं राहिलं होतं, शेंड्याला चार पानं. मला वाटलं गेली. उन्हाचा जोर ओसरल्यावर एका ढगाळ संध्याकाळी तुम्ही तिला काठीवरून अलगद सोडवलीत, उघडी दांडी कुंडीतच गोल वळवून मातीत दाबलीत, पेरं मातीला टेकतील अशी, शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा काठीला चिंधीने सैलसर बांधलात. आमच्या मळ्यात दर साली करतात, म्हणालात. प्रत्येक पेरातून मुळं फुटली काका. घोस आलेत ते त्या नव्या फुटीवर.

आता पावसाळ्याचं तुम्ही बजावलेलं पण पाळते आहे. गोणपाटं काढली, रेतीतलं पाणी तुंबू नये म्हणून बाहेरच्या कुंडीची भोकं मोकळी केली, कारण पानमळ्याला मर रोग लागतो तो उन्हात नाही, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, आणि मिरीचं पण तेच दुखणं. बोर्डो (त्या रोगावरचं मोरचूद-चुन्याचं औषध) तुम्ही म्हणालात तसं तुमच्याकडूनच घेईन, मला त्याचं प्रमाण जमेलसं वाटत नाही.

ताटी सोडून गॅलरीत उभी करून ठेवलीय, तुराट्या अजून एक साल निघतील. गणपतीला आम्ही सावंतवाडीला जाणार. तुम्ही विचारलं होतंत ना, तिकडे पानवेल सुपारीवर चढवतात का, आईला विचारलं, ती म्हणते हो, आमच्याकडे आहेच, तर तिच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणते, तुमच्या कपुरी पानाशी चव ताडून बघा. आणि तुम्ही कबूल केलेली पानपिंपरीची फांदी विसरू नका, कुंडी भरून तयार आहे. काकूंना सांगा रांजण आता परत मिळायचा नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची बँकवाली